पाड्यावरची वीज : वसुली आणि दुरुस्ती



आजच्या विषयाचा आरंभ मी महसूल खात्याच्या दप्तरापासून करतो, कारण ज्या वस्त्यांविषयी मला बोलावयाचे आहे त्यांची पहिली अडचण त्या दप्तरातच दडलेली आहे. सरकारदरबारी गाव म्हणजे मौजे. त्याला नाव असते, शीव असते, तलाठी असतो. परंतु सातपुड्यात, जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांत किंवा मेळघाटात माणसे नांदतात ती पाड्यांवर किंवा ढान्यांवर, आणि एकाच मौज्याच्या या वस्त्या मध्ये ओढे आणि खिंडी घेऊन दूरवर विखुरलेल्या असतात. 2004 पासूनच्या व्याख्येप्रमाणे वस्तीत रोहित्र आणि तारा पोहोचल्या, शाळा-पंचायतीसारख्या सार्वजनिक जागी वीज गेली आणि शेकडा दहा घरांत ती आली, की ते मौजे विद्युतीकृत म्हणून दप्तरी दाखल होते. तेव्हा 28 एप्रिल 2018 रोजी मणिपुरातील लेइसांग हे देशातील शेवटचे गाव वीजजाळ्याला जोडले गेल्याची जी घोषणा झाली ती त्या व्याख्येपुरती यथार्थच होती. आणि त्याच दिवशी टेकडीपलीकडच्या एखाद्या पाड्यावर रॉकेलची चिमणी जळत असेल तर तिचाही त्या घोषणेशी विरोध नव्हता.

वीस-पंचवीस घरांसाठी जंगलातून कोसभर खांब रोवावेत आणि त्या घरांनी महिन्याकाठी चार-दोन युनिटे वापरावीत, हा व्यवहार कोणत्याही वीजमंडळाला परवडणारा नाही. म्हणून अशा ठिकाणी वीज तेथल्या तेथेच, ओढ्यापासून किंवा उन्हापासून, निर्माण करणे हाच सरळ मार्ग होय. आणि साठ वॅटच्या दिव्याचा प्रकाश आता सात-आठ वॅटच्या एलईडीत मिळू लागल्यामुळे तो मार्ग पूर्वीइतका खर्चिकही राहिलेला नाही. दिवा लागतो, याविषयी शंका उरलेली नाही. पाचव्या वर्षी तो लागलेला असतो काय, हा खरा प्रश्न आहे. आणि अनेक ठिकाणांची हकीकत पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, जेथे वसुली करणारा आणि दुरुस्ती करणारा एकच असतो तेथे दिवा टिकतो, आणि ही दोन कामे जेथे एकमेकांपासून सुटतात तेथे उत्तमातले उत्तम यंत्रही गंजत पडते.

आपल्याच राज्यातले एक उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यात, नर्मदेला मिळणाऱ्या उदई नदीच्या काठी बिलगाव आहे. नर्मदा बचाव आंदोलनाच्या या टापूत केरळातील ‘पीपल्स स्कूल ऑफ एनर्जी’ या संस्थेचे तरुण अभियंते आले, त्यांनी धबधब्याची उंची आणि पाण्याचा ओघ मोजला, आणि गावकऱ्यांच्या श्रमदानातून बांध आणि पाट घडवून जानेवारी 2003 मध्ये 15 किलोवॅटचे जलविद्युत केंद्र सुरू केले. त्या श्रमदानाचा हिशेब सुमारे 2000 मनुष्यदिवसांचा सांगितला जातो. आशुतोष गोवारीकरांच्या 2004 च्या ‘स्वदेस’मध्ये गावात वीज येण्याचा जो प्रसंग आपण पाहिला, त्यामागे या बिलगावाची प्रेरणा होती.

या केंद्राचे गणित शाळकरी मुलालाही करता येईल असे आहे. दर सेकंदाला 100 लिटर पाणी 20 मीटर उंचीवरून खाली येत असेल तर त्यात साडेएकोणीस किलोवॅट शक्ती असते. नळातले घर्षण, चाक आणि जनित्र यांचा वाटा वजा जाता निम्मी हाती पडते, म्हणजे दहाएक किलोवॅट, आणि प्रत्येक घराला शंभर वॅट धरले तर शंभर घरांची सोय होते. नाजूक जागा निराळीच आहे. रात्री दहा वाजता पाड्यावरचे दिवे एकामागून एक मालवू लागले की जनित्रावरचा भार उतरतो, पाणी मात्र तेवढेच येत असते. अशा वेळी चाक भरधाव सुटते, दाब चढतो आणि उरलेले दिवे उडतात. म्हणून तेथे एक नियंत्रक बसवितात, जो शिल्लक राहिलेली वीज पाण्याच्या टाकीत बुडविलेल्या तापकांकडे वळवितो आणि चाकाचा वेग कायम राखतो. गाळ काढणे, पाटाची गळती बुजविणे, पट्टा बदलणे ही कामे पाड्यावरचा माणूस पाहून शिकतो. पण हा नियंत्रक बिघडला तर जिल्ह्याच्या ठिकाणीही त्याला हात लावणारा मिस्त्री मिळेलच असे नाही. पाड्यावरच्या दोन तरुणांना त्याचे शिक्षण देणे हा योजनेचाच भाग मानला पाहिजे असे मी म्हणतो ते यासाठी.

बिलगावचे केंद्र बिघडून मात्र बंद पडले नाही. 2006 च्या पावसाळ्यात, सरदार सरोवराचे पाणी चढलेले असताना आलेल्या पुरात ते बुडाले. आपल्या हातांनी उभारलेला प्रकाश असा पाण्याखाली जाताना ज्यांनी पाहिला त्यांच्या दुःखाची भरपाई कोणत्याही पुनर्वसनाच्या तक्त्यात बसत नाही, आणि ते दुःख या सभेपुढे नोंदविल्यावाचून मला पुढे जाववत नाही.

सातपुड्यातले ओढे होळीनंतर आटत जातात, आणि ज्या चार महिन्यांत ते दुथडी वाहतात त्याच महिन्यांत सूर्य ढगांआड असतो. ओढा आणि ऊन यांनी वर्ष असे आपसांत वाटून घेतले असताना आपल्या योजना मात्र एकेकट्या साधनावर आखल्या जातात, याचे मला नवल वाटते.

सौर संचात पत्रा टिकतो. तो वीस-पंचवीस वर्षे काम देतो. मरते ती बॅटरी. बारा व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्यातील पाणी पट्ट्यांच्या वर राहील इतके ठेवावे लागते. ते पाणी ऊर्ध्वपातित असावे लागते, विहिरीच्या पाण्यातील क्षार पट्ट्यांना खातात. शिवाय ती तळापर्यंत रिकामी होऊ नये म्हणून मध्ये जो नियंत्रक असतो तो ऐन चित्रपटाच्या भरात दूरदर्शन बंद पाडतो, आणि मग घरातला हुशार मुलगा नियंत्रक वगळून तार थेट बॅटरीला जोडतो. अशी वारंवार उपाशी राहिलेली बॅटरी पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर धरते आणि तिचे आयुष्य निम्म्याहून कमी होते. त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला हे सांगणारे कोणी त्या घरात कधी आलेलेच नसते.

बांगलादेशात असा सांगणारा येत असे. तेथे 2003 पासून इडकॉल या वित्तसंस्थेच्या आश्रयाने जो घरगुती सौर संचांचा कार्यक्रम चालला, त्यात 40 लाखांहून अधिक घरांत संच बसले. आणि ग्रामीण शक्तीसारख्या संस्था तर हे काम 1996 पासूनच करीत होत्या. कुळाने थोडी रक्कम आगाऊ द्यावी, बाकी दरमहा हप्त्याने साधारण तीन वर्षांत फेडावी, असा करार असे. संस्थेचा जो माणूस हप्ता वसूल करण्यास दारात येई तोच बॅटरीचे झाकण उघडून पाणी पाही. दिवा बंद असेल तर हप्ता मिळत नाही, हे त्याला ठाऊक, आणि हप्ता थकला तर माणूस फिरकत नाही, हे कुळाला ठाऊक. सावकारीचा इतका उपकारक उपयोग माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

याच्या उलट बाजूला बिहारातील जहानाबाद जिल्ह्यातले धरनई आहे. तीस-एक वर्षे अंधारात काढलेल्या त्या गावात 2014 मध्ये ग्रीनपीसच्या पुढाकाराने 100 किलोवॅटचे सौर केंद्र उभे राहिले. परंतु गावकऱ्यांनी पाहुण्यांसमोरच ‘असली बिजली’ मागितली. आणि त्यांची मागणी रास्त होती, कारण फ्रिज किंवा इस्त्री चालविण्याची मुभा त्या विजेत नव्हती आणि दरही चढा होता. लौकरच सरकारी तार आली, तिची वीज स्वस्त पडली, लोक तिकडे वळले, वसुली आटली, आणि बॅटऱ्या संपल्या तेव्हा त्या बदलण्यास पैसा उरला नव्हता. तार आल्यावर स्थानिक केंद्राचे काय करावयाचे, याचा ठराव आधीच झालेला असावा, एवढे शहाणपण उत्तर प्रदेशाने 2016 च्या धोरणात दाखविले : तेथे केंद्रचालकाने आपली वीज वितरण कंपनीला विकावी, अथवा केंद्रच तिच्या स्वाधीन करून मोबदला घ्यावा, अशी तरतूद होती.

2017 च्या सौभाग्य योजनेत तारेच्या आवाक्याबाहेरील घरांना 200 ते 300 वॅटचा सौर पत्रा, बॅटरी, पाच दिवे आणि एक पंखा मिळाला. दुरुस्तीची हमी पाच वर्षांची. ती मुदत बहुतेक ठिकाणी आता उलटली आहे. संच फुकट होता, म्हणून वसूल करावयास कोणी आले नाही. आणि हमी संपली, म्हणून दुरुस्तीसही कोणी बांधलेला नाही. यापुढील निविदांत ठेकेदाराची निम्मी रक्कम राखून ठेवावी आणि संच चालू असल्याचा ग्रामसभेचा दाखला पाहून ती वर्षावर्षाने अदा करावी, अशी माझी सूचना आहे. ज्या पाड्यांवर संच आधीच बसले आहेत तेथे दर घरी दरमहा ठराविक रक्कम, मग ती कितीही लहान असो, बॅटरीच्या खात्यावर जमा व्हावी. तिचा जमाखर्च शाळेच्या भिंतीवर लिहिलेला असावा, आणि ती गोळा करण्याचे काम पाड्यावरच्या ज्या मुलीला किंवा मुलाला द्यावयाचे त्याच्याच हाती पाना, मल्टीमीटर आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन द्यावा.