उन्हावरचा पंप आणि विहिरीचा हिशेब



मोट दिवसा चालत असे. विजेचा पंप आला आणि पाणी द्यायचे काम पुष्कळदा रात्रीवर गेले. रब्बीच्या दिवसांत सेनगाव-कळमनुरीकडे भर थंडीत, हातात बॅटरी अन् मनात विंचूकाट्याचे भय, अशी माणसे गव्हाची दारं धरतात.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल २०२४ पासून राज्य सरकारने माफ केले. तेव्हा सौरपंपाचा खरा लाभ बिलात नाही, दिवसा पाणी मिळण्यात आहे. त्याच वर्षी निघालेल्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींचा ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्ती, पाचांपर्यंत पाच, पुढे साडेसात. मग जो तो म्हणतो, मोठाच द्या!

पण पंप पाणी उपसतो, निर्माण करीत नाही. तीन अश्वशक्तीचा सौरपंप स्वच्छ उन्हाच्या दिवशी तीस मीटरांवरून सुमारे एक लाख लिटर पाणी काढू शकतो. सत्तर मीटर खोल बोअर असेल, तर निम्मेसुद्धा नाही. एक लाख लिटर म्हणजे एकरभर रानात एक इंच पाणी.

आता तुमची विहीर एवढे देते का, ते पाहा. आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी येते ते भेगांतून, सावकाश. चैत्रात एका संध्याकाळी उपसा थांबवा, दोरीला गाठ मारून पातळी मोजा, अन् पहाटे पुन्हा मोजा. पाच मीटर व्यासाच्या गोल विहिरीत एक मीटर पाणी चढले, की वीस हजार लिटर समजावे. रात्रीत दोन मीटर चढले तर चाळीस हजार. अशा विहिरीवर साडेसातचा पंप बसवला, तर तो दुपारच्या आतच कोरडा ओढू लागेल. तिथे लहान पंप आणि ठिबक, हीच जोडी बरी. वसमतकडच्या हळदीलाही ती मानवते. गुरुजी, हे गणित सातवी-आठवीच्या पोरांकडून खऱ्या विहिरीवरच करून घ्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ त्यांना पाठ असते, ते कशाला लागते हे मात्र कुणी सांगत नाही! पोरांना काठापासून लांब उभे करा, दोरी मोठ्या माणसाने धरावी.

सौरपट्टे बसवताना बाभळीची सावली टाळा; एका कोपऱ्यावरची सावलीसुद्धा पाणी घटवते. धूळ पहाटे पुसावी. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये, काच तडकते.