न कापणारा लेझर

लेझर म्हटलं की शस्त्रक्रिया आठवते.
पण एक सौम्य लेझरही असतो, तो कापत नाही.
भाजतही नाही.

१९६७ च्या सुमारास, बुडापेस्टमध्ये…
डॉक्टर एंद्रे मेस्टर यांनी उंदरांचे केस भादरले.
त्वचेवर सौम्य लेझर सोडला.
तिथले केस लवकर उगवले!

आज या लेझरच्या एका वापराला चांगला शास्त्रीय आधार आहे…
तो कर्करोगाच्या रुग्णांच्या तोंडासाठी.
डोक्या-मानेला रेडिएशन घेताना तोंड सोलवटून निघतं.
मऊ वरणभातही झोंबतो.
पाण्याचा घोट गिळवत नाही.
किती हाल होतात हो!

अशा वेळी या लेझरची, लाल प्रकाशाची कांडी वापरतात.
गालाच्या आत…
ओठांवर…
जिभेच्या कडेला…
थोडा थोडा वेळ धरतात.
पेशी तो प्रकाश शोषून घेतात.
वेदना कमी होतात.
चटका बसत नाही.
डोळ्यांवर संरक्षक चष्मा मात्र हवाच.

पुन्हा सांगते…
हा लेझर कापत नाही, भाजत नाही.
आणि तो कर्करोगही बरा करत नाही.
तो तोंडाला आराम देतो.
टक्कल, गुडघेदुखी… जाहिराती पुष्कळ दिसतील.
प्रत्येक दाव्याला तेवढा आधार नाही.

घरात कुणाचं रेडिएशन ठरलंय?
तोंड येण्याची वाट पाहू नका.
आधीच डॉक्टरांना विचारा…
इथे ही सोय आहे का?