अंगणाचा ढाळ

मंडळी, आज घरी गेल्यावर तळमजल्यावरच्या पायऱ्या मोजा. आम्ही बोरिवलीच्या आमच्या इमारतीत राहायला आलो तेव्हा अंगणातून आत यायला तीन पायऱ्या होत्या. आज दोन आहेत. पायरी कुणी तोडली नाही, अंगण वर आलं. आधी शहाबादी होती. तिच्यावर कोबा घातला आणि कोब्यावर चकचकीत टाइल बसवल्या. जुनं उखडून टाकायचा खर्च दोन्ही वेळा वाचवला आणि दोन्ही वेळा अंगण काही इंच चढलं. मग एका जुलैत, रात्री तीनच्या सुमाराला, तळमजल्यावरच्या काकूंनी आमचं दार वाजवलं. त्यांच्या स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होतं आणि पिठाचा डबा ओट्याखालून तरंगत दाराकडे निघाला होता.

त्या टाइल निवडणाऱ्या कमिटीत मी होतो. बैठकीत दीड तास आम्ही रंगाबद्दल बोललो. पाणी कुठे जाईल, हे एकानेही विचारलं नाही. मी सारा जन्म बांधकामात काढला होता, तरी मीही विचारलं नाही. त्या रात्रीची रुखरुख अजून मनात आहे, म्हणून ‘अंगणाला फरशी कोणती?’ या विषयावर बोलायचं मी लगेच कबूल केलं. माझं म्हणणं एवढंच आहे की फरशीचा प्रश्न दुसरा. पाण्याचा पहिला.

हे आपल्या गावात दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीला आपण सगळे सहलीला गेलेलो आहोत. शंभराहून अधिक लेणी आहेत, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारभर वर्षं ती कोरली गेली. आपण बुद्धमूर्ती बघतो, चैत्यगृह बघतो आणि खाली उतरतो. पुढच्या वेळी मान खाली घालून चाला. कितीतरी विहारांपुढे छोटंसं अंगण आहे, बसायला दगडी ओटा आहे, बाजूला पाण्याची पोढी आहे. डोंगराच्या कातळावर पन्हळी कोरलेल्या आहेत. आभाळातून पडलेलं पाणी त्या पन्हळी वळवून पोढीत सोडतात. भिक्षूच्या बसायच्या जागेला ओल नाही आणि उन्हाळ्यात प्यायला पाणी आहे. छिन्नीने हाताहाताने कोरलेला हा ढाळ आजही काम करतो. भर पावसात जाऊन बघा, पन्हळी वाहताना दिसतील.

आता आपला हिशेब करू. इमारतीमागची मोकळी जागा २०० चौरस मीटर धरा. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस आपल्या उपनगराला नवा नाही. तेवढ्या पावसात त्या अंगणावर २०,००० लिटर पाणी पडतं, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटरची नोंद झाली. त्या दिवशी याच अंगणावर जवळजवळ १९ टँकर ओतले गेले असते. मे महिन्यात आपण हेच पाणी पैसे मोजून आणतो आणि जुलैत ते लवकर गटारात जावं म्हणून धडपडतो. नव्या मोठ्या इमारतींना पर्जन्यजलसंधारण महापालिकेने २००२ पासूनच बंधनकारक केलं आहे. पण ते बहुतेक ठिकाणी गच्चीच्या पाइपाशी थांबतं. अंगणाकडे कुणी त्या नजरेने पाहत नाही.

आता दगडांकडे येतो. टेबलावर चार तुकडे आणलेत. हा करडा शहाबादी, हा हिरवट कोटा, हा काळा कडप्पा आणि हा आपला सह्याद्रीचा काळा दगड. या लिंबाचे दोन-दोन थेंब मी प्रत्येकावर टाकतो. पुढच्या रांगेतल्यांना दिसत असेल, पहिल्या तिघांवर थेंबाच्या कडेला बारीक बुडबुडे येताहेत. आता फडक्याने पुसतो. बघा, तिथली झिलई गेली, फिकट डाग राहिला. चौथ्याला काहीच झालं नाही. पहिले तिघे चुनखडीचे दगड आहेत आणि आंबट त्यांना खातं. म्हणून शेवाळ आलं की सफाईवाल्याला तेजाब आणून देऊ नका. तेजाबाने फरशी दोन दिवस पांढरी दिसते, पण तिचा पृष्ठभाग उघडा पडतो. त्या खरबरीत भोकांत पुढच्या पावसाचं शेवाळ आणखी घट्ट धरतं, पापुद्रे सुटू लागतात. ब्लीचिंग पावडर, खराटा आणि फांद्या छाटून आणलेलं ऊन, एवढ्यावर भागतं.

शहाबादीबद्दल मला विशेष माया आहे, ती लपवत नाही. ती येते कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादहून. मुंबईहून रायचूरला जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये पुरा झाला, तो त्याच भागातून जातो. चाळींचे सज्जे, मोऱ्या, स्वयंपाकघरं, शाळांची मैदानाकडची ओसरी, सगळीकडे तीच. ती थरांत निघते, त्यामुळे कापायला सोपी आणि स्वस्त. अंगणासाठी तिची पॉलिश केलेली लादी घेऊ नका, रफ घ्या. पाट्याला टाकी लावतात तशी टाकी मारून मिळाली तर उत्तम, म्हाताऱ्या माणसाचा पाय पावसात घट्ट राहतो. घेताना लादी उभी धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजली तर घ्या. बद्द वाजली तर आत थर सुटलेला आहे, बाजूला ठेवा.

कोटा टिकाऊ आहे, पण घोटून गुळगुळीत केलेला कोटा ओला झाला की घसरतो. कडप्पा अंगणात घालूच नये असं माझं मत आहे. उन्हात तापतो आणि दोन-तीन वर्षांत काळ्याचा राखाडी होतो. तो ओट्यालाच शोभतो. जांभा आपल्या कोकणातल्या मंडळींना गावाची आठवण म्हणून हवा असतो. वाफ्याच्या कडेला, झाडाच्या पाराला तो सुंदर दिसतो. पाणी पितो आणि शेवाळही धरतो, त्यामुळे पायवाटेवर सावलीत नको. आणि आपल्या उपनगराचा स्वतःचा दगड? अंधेरीची गिल्बर्ट टेकडी तुम्ही पाहिली असेल, ६० मीटर उंच काळ्या खडकाचा सुळका. दक्षिण मुंबईतल्या वस्तुसंग्रहालयाला कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर दगड लागला. आज मालाडमध्ये राहणाऱ्याला मालाडचा दगड बहुधा जुन्या भिंतीतच बघायला मिळतो.

पेव्हर ब्लॉकचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात, कारण रस्त्यावर त्यांनी आपली हाडं खिळखिळी केली. दोष ब्लॉकचा कमी आणि खालच्या बिछान्याचा जास्त. भारतीय मानक १५६५८ मध्ये जाडी दिलेली आहे. माणसांच्या वाटेला ५० मिलिमीटर, गाड्या येत असतील तर ६०. पाण्याचा टँकर आत वळत असेल तर मी ८० च घालायला सांगतो. पण जाडीवर भिस्त ठेवू नका. आधी माती खणायची, मुरूम आणि खडी थराथराने धुम्मस मारून बसवायची, वर इंच-दीड इंच रेती एकसारखी ओढायची. मग ब्लॉक, मग यंत्राने ठोकणं आणि सांध्यात कोरडी बारीक रेती. भोवती पक्की कड हवीच. कड नसेल तर ब्लॉक एकेक करून बाहेर सरकतात आणि सगळी वीण उसवते.

शहाबादीही अशीच घालता येते. मुरूम-रेतीवर, अर्धा-पाऊण इंचाचा सांधा मोकळा ठेवून. मिस्त्री इथे हमखास अडतो. “साहेब, दर्जा भरल्याशिवाय काम पुरं दिसत नाही,” असं म्हणून तो सिमेंटचा घोळ ओततो. तेवढं एक काम होऊ देऊ नका. तो सांधा म्हणजे अंगणाचं नाक आहे. त्यातून पाणी खाली जातं, सांध्यात लव्हाळं-दूर्वा उगवतात, झाडाच्या मुळांना हवा मिळते. झाडाभोवती तर एक मीटर काहीच घालू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी बुंध्याभोवतीचं तेवढं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आमच्या सोनचाफ्याच्या बुंध्याला कोबा भिडला होता. तो काढल्यावर तिसऱ्या वर्षी झाड पुन्हा अंगभर फुललं.

अर्थात जमीन पाणी पिणारी हवी. डोंगराच्या पायथ्याशी मुरूम आहे, तो भराभर पितो. खाडीच्या अंगाला चिकट माती आहे आणि पाणी हातभर खोलीवरच लागतं. तिथे सांधे मोकळे ठेवून फार मोठी आशा धरू नये. फूटभर खड्डा खणा, पाण्याने भरा आणि घड्याळ लावा. तासाभरात रिता झाला तर काम सोपं आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी दिसलं तर ढाळ देऊन ते टाकीकडे किंवा मोरीकडे न्यायला हवं, दर १० फुटांना दीड इंच. आणि तो ढाळ घराच्या भिंतीपासून बाहेर जाणारा. मुलुंड-घाटकोपरच्या नव्या टॉवरमध्ये बाग पोडियमवर असते, तिच्याखाली पार्किंगची स्लॅब असते. तिथे जमीनच नाही, म्हणून जिरवण्याचा विचार सोडा. आधी स्लॅबचं वॉटरप्रूफिंग आणि तिचे निचऱ्याचे पाइप तपासा, नाहीतर सुंदर बागेचं पाणी खालच्या गाडीवर ठिबकतं.

आता एप्रिल आहे. पुढच्या दीड महिन्यात घाईघाईने अंगणं खोदली जातील, पावसाच्या आधी उरकायचं म्हणून. मी तुम्हाला यंदा काहीही विकत घेऊ नका असं सांगायला आलो आहे. कोकणात घरापुढचं खळं चोपून, सारवून करतात ते पाऊस सरल्यावर. पावसाळ्यात दारापासून बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, चिऱ्यांची एक ओळ असते, तेवढी पुरते. आपणही काम दिवाळीनंतर काढावं. भरलेली माती तोवर बसते, मिस्त्रीलाही घाई नसते. यंदाच्या पावसात, पहिली मोठी सर आली की छत्री घेऊन खाली उतरा. पाणी कुठे साचतं, कुणाच्या उंबऱ्याकडे वळतं ते बघा आणि त्या-त्या जागी विटेचा एकेक तुकडा ठेवा. सर ओसरल्यावर फोटो काढा. दिवाळीनंतर मिस्त्री येईल तेव्हा दुकानातला नमुन्याचा फळा काढायच्या आधी त्याला तो फोटो दाखवा आणि तळमजल्यावरच्या काकूंनाही त्या वेळी खाली बोलवा.