आधार बदलतो तेव्हा

भोपाळच्या एखाद्या लहानशा छापखान्यात लग्नपत्रिकेवरील चित्र ‘गिम्प’ ह्या प्रोग्रॅमने सजवावयाचे ठरले, तर त्यासाठी दाम मोजावा लागत नाही. त्याची घडण सर्वांना खुली आहे. ज्याला जमेल त्याने ती सुधारावी. परंतु पडद्यावर दिसणारी बटणे आणि चौकटी गिम्पच्या स्वतःच्या नव्हेत. त्या ‘जीटीके’ नावाच्या लायब्ररीतून येतात. लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे कपाट नव्हे, तर अनेक प्रोग्रॅमांनी आयता घ्यावा असा तयार कामाचा साठा. भोपाळकर मोठ्या तलावाचे पाणी नळाने घरात घेतात, तसेच हे. उद्या नळजोडाचे माप बदलले, तर पाणी तेच राहूनही घरोघरची जोडणी उकलावी लागेल.

गंमत अशी की, ही लायब्ररी गिम्पच्याच घरची. बर्कले येथील स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस ह्या विद्यार्थ्यांनी १९९५ साली गिम्प लिहावयास घेतला. आरंभी तो ‘मोटिफ’ ह्या विकाऊ लायब्ररीवर उभा होता. ते परावलंबन नको म्हणून मॅटिस ह्यांनी नवी लायब्ररी रचली. जीटीकेमधील ‘जी’ गिम्पचाच. पुढे ‘नोम’ ह्या मोठ्या प्रकल्पाने ती स्वीकारली, आणि लेक सासरची झाली.

फेब्रुवारी २०११ मध्ये जीटीकेची तिसरी आवृत्ती निघाली. पडद्यावर रेखाटण्याची जुनी रीत तिने मोडीत काढली. तिच्यावर उभा असलेला गिम्प ३ मात्र १६ मार्च २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. चौदा वर्षे! तोवर जीटीकेची चौथी आवृत्तीही येऊन गेली होती, आणि डिसेंबर २०२० पासून दुसरीची डागडुजी थांबली होती. ह्याला आळस म्हणणे अन्यायाचे होईल. काम करणारे मूठभर, बहुतेक स्वयंसेवक. त्यातच चित्रावर प्रक्रिया करणारा गाभाही त्याच वर्षांत बदलावयाचा होता. जीटीकेच्या कर्त्यांनी एक सौजन्य मात्र पाळले: दुसरी आणि तिसरी आवृत्ती एकाच संगणकावर शेजारी शेजारी नांदू शकत होत्या. म्हणून तर गिम्प एवढा काळ तगला.

खरी झळ पुढच्यांना लागते. गिम्प २ साठी लिहिलेली पूरक साधने बहुतांशी नव्याने लिहिल्यावाचून गिम्प ३ मध्ये चालत नाहीत. एखाद्या साधनाचा कर्ता काम सोडून गेला असेल, तर छापखानेवाल्याने जुना गिम्पच राखावा, अथवा साधनाची घडण खुली असल्यास शहरातील एखाद्या जाणत्या मुलाकडून ते दुरुस्त करून घ्यावे.