पंचवीस हजारांची रात्रपाळी

मी महूहून बोलतोय. फौजेत सिग्नल्समध्ये होतो, आता निवृत्त आहे. आमच्या घरात रात्री दोघं जागे असतात. एक माझी थोरली बहीण, अक्का, आणि दुसरा मागच्या खोलीतला कॉम्प्युटर. आजचा विषय कॉम्प्युटर आहे, पण सुरुवात अक्कापासून करतो.

अक्काला अल्झायमर आहे. भावजी गेल्यावर ती आमच्याकडे आली. जिनं मला पाढे शिकवले, ती आता भिंतीवरचा वर्दीतला फोटो दाखवून मलाच सांगते, "हा माझा भाऊ. फौजेत असतो." मी म्हणतो, "हो का?" दुसरं काय म्हणणार?

या आजाराबद्दल वाचता वाचता मला 'फोल्डिंग ॲट होम' सापडलं. हा प्रकल्प २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झाला. कल्पना साधी आहे. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे लांबलचक साखळ्या. त्या ठरावीक पद्धतीनं घडी घेतात, तेव्हाच नीट काम करतात. काही आजारांत ही घडी बिघडते, प्रथिनं एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. अल्झायमर त्यातलाच. प्रथिन कसं हलतं, कसं वळतं, हे संगणकावर पाहायचं तर हिशेब अवाढव्य होतो. म्हणून तो तुकड्या-तुकड्यांनी जगभरच्या लोकांच्या घरच्या संगणकांवर वाटून देतात. आपलं मशीन तुकडा घेतं, सोडवतं, परत पाठवतं. पैसे मिळत नाहीत. मेसमध्ये हे सांगितलं तर एक मित्र म्हणाला, "म्हणजे तू बिटकॉइन खणतोयस!" नाही हो. खणलं असतं तर बायको तरी खूश झाली असती.

आता ग्राफिक्स कार्डच का? प्रोसेसर म्हणजे चार-सहा हुशार अफसर. कुठलंही काम द्या, विचार करून करतील. ग्राफिक्स कार्ड म्हणजे फावडी घेतलेली अख्खी पलटण. विचार कमी, पण एकच हुकूम सगळे एकदम पाळतात. माझ्या जुन्या जीटीएक्स १६६० सुपर कार्डात असे १४०८ जवान आहेत. हजारो अणूंवरचं बल एकाच वेळी मोजायचं असेल, तर खंदक पलटणच खणणार, अफसर नाही.

माझं बजेट होतं पंचवीस हजार. पेन्शनीतून तेवढेच बाजूला काढले. इंदूरच्या बाजारातून कचेरीतून निघालेला एक असेंबल केलेला टॉवर घेतला, चौथ्या पिढीचा आय फाइव्ह, ८ जीबी रॅम, ८,००० रुपये. त्याहून भारी प्रोसेसर लागत नाही. कार्डाला काम पुरवायला एक कोअर मोकळा असला की झालं. वापरलेलं कार्ड १०,५०० ला. एसएसडी १,६०० ची. पंखा आणि थर्मल पेस्ट ७००. राहिले ४,२००, ते पॉवर सप्लायसाठी.

इथेच मी पहिल्यांदा चुकलो. टॉवरमध्ये पॉवर सप्लाय होताच, वर मोठ्या अक्षरात ४५० वॅट लिहिलेलं. म्हटलं, चार हजार वाचले. तिसऱ्या रात्री फट्‌ असा आवाज आला आणि जळका वास. अक्का दारात उभी, "काय फुटलं?" नशीब, कार्ड वाचलं. दुसऱ्या दिवशी नवा, नावाजलेला ५५० वॅटचा पॉवर सप्लाय आणला. हा सगळ्यांना सांगतो: बाकी सगळं जुनं चालेल, पॉवर सप्लाय जुना चालणार नाही. रात्र-रात्र पूर्ण भारावर चालणारं मशीन आहे हे, त्याच्या स्टिकरवर विश्वास ठेवू नका. आणि ब्रँडेड कचेरी-कॉम्प्युटर घेणार असाल तर आधी झाकण उघडून बघा. काहींत पॉवरची पिन वेगळीच असते, बाजारातला सप्लाय बसतच नाही.

वापरलेलं कार्ड घेताना दुकानातच तासभर भारावर चालवून घ्या. पंखे फिरतात का, तापमान कुठे थांबतं, पडद्यावर ठिपके येतात का, हे बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान.

आता खरा खर्च. मशीन एकदाच घ्यायचं असतं, वीज दर महिन्याला. म्हणून मी भिंतीच्या प्लगला वॅट मोजणारा छोटा मीटर लावला. कार्ड पूर्ण जोरात चालवलं की सगळं मिळून १९० वॅट. चोवीस तास चालवलं तर महिन्याला सुमारे १३७ युनिट, आठ रुपयांनी अकराशे. पहिलं बिल बघून सौ. काही बोलली नाही, ते बिल फक्त माझ्या चहाच्या कपाखाली ठेवलं.

मग दोन गोष्टी केल्या. कार्डाची मर्यादा १२५ वरून ९० वॅटवर आणली. लिनक्समध्ये एका ओळीची आज्ञा आहे. काम साधारण दहाव्या हिश्शानं घटलं, कार्डाची वीज मात्र चौथ्या हिश्शाहून जास्त वाचली. आणि पाळी ठरवली, रात्री नऊ ते सकाळी सात. मीटरवर १५० वॅट, दहा तास, म्हणजे दीड युनिट. महिन्याला ३६० रुपये. माळव्यातल्या रात्री थंड असतात, त्यामुळे यंत्रही शांत राहतं. खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते, हे मे महिन्यात विसरू नका.

पण पाळीचा एक नियम आहे. हिशेब अतिशय बारीक पावलांनी चालतो. एका सेकंदाचे एकावर पंधरा शून्यं इतके भाग करा, त्यातले दोन-चार भाग म्हणजे एक पाऊल. एका सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा पाहायला पंचवीस ते पन्नास कोटी पावलं. आणि आधीचं पाऊल पडल्याशिवाय पुढचं पडत नाही. तुमचा तुकडा जिथे संपतो, तिथूनच पुढचा कोणाचा तरी सुरू होतो. तुम्ही तुकडा घेऊन मशीन बंद करून गावाला गेलात, तर ती साखळी तिथेच अडते. मुदत संपली की तो तुकडा दुसऱ्या कोणाला देतात, तोवरचा वेळ वाया. म्हणून बंद करताना 'फिनिश' निवडा. हातातलं काम पुरं होतं आणि नवं येत नाही. मी पहाटे साडेतीनलाच निवडतो, कारण अक्कासाठी तेव्हा उठतोच.

फौजेत हे शिकलो होतो. भारी हत्यार असलेला पण पहाऱ्यावर न येणारा शिपाई काय कामाचा? छोटं कार्ड असू द्या, वेळेवर परत करणारं असू द्या. ओव्हरक्लॉक करून चुका करणारं तर मुळीच नको. चुकलेला तुकडा कोणाला तरी पुन्हा करावा लागतो.

एकदा सौ.नं सरळ विचारलं, "अहो, याचा अक्कांना काय उपयोग?" मी खरं सांगितलं, काही नाही. प्रकल्पात आवडता आजार निवडता येतो, मी अल्झायमर निवडलाय, तरी कित्येक रात्री दुसऱ्याच आजाराचं काम येतं. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात दहा लाखांहून जास्त लोक जोडले गेले. सगळ्यांनी मिळून विषाणूच्या प्रथिनांची किती हालचाल पाहिली? ०.१ सेकंद. एका सेकंदाचा दहावा हिस्सा. पण तेवढ्यात विषाणूचा काटा कसा उघडतो ते दिसलं, औषध कुठे बसू शकेल अशा लपलेल्या जागा दिसल्या. त्यात माझा वाटा नव्हता, मी उशिरा आलो. आता जे चाललंय त्याचा निकाल कदाचित मी बघणार नाही, अक्का तर नाहीच.

सौ. थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तीनशे साठच ना? असू दे."

तुमच्या घरात जुना कॉम्प्युटर पडून असेल तर कार्ड घ्यायच्या आधी वॅटचा मीटर घ्या. सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवा. महिना परवडेल तेवढेच तास ठरवा आणि ते पाळा.

परवा रात्री अक्का मागच्या खोलीत येऊन बसली. पंख्याच्या आवाजाकडे कान देऊन म्हणाली, "हा कोण जागा आहे?" म्हटलं, "ड्यूटीवर आहे." ती म्हणाली, "माझा भाऊही असतो. चहा दे त्याला."