कागदाची साक्ष

कागद मुका असतो, अशी समजूत आहे. परंतु न्यायालयाच्या दारांत तिचा फारसा निभाव लागत नाहीं. कागदावरील मजकूर खोटा असूं शकतो. पण तो मजकूर कोणत्या यंत्रानें, कोणत्या शाईनें आणि कोणत्या क्रमानें उतरला, याची नोंद कागद स्वतःच्या अंगावर वागवीत असतो. ती नोंद वाचण्याचें शास्त्र म्हणजे दस्तऐवज-परीक्षा. हस्ताक्षराची परीक्षा होते हें पुष्कळांनीं ऐकलेलें असतें. छापील कागदाची आणि झेरॉक्स प्रतीचीहि तशीच परीक्षा होऊं शकते, हें मात्र थोड्यांस ठाऊक असतें.

या शास्त्राशीं सामान्य गृहस्थाचा संबंध काय, असा प्रश्न पडेल. त्याचें उत्तर पालघर आणि बोईसर-तारापूरच्या पट्ट्यांत मिळतें. तारापूरचें अणुविद्युत् केंद्र १९६९ सालीं सुरू झालें. बोईसरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढें अणुकेंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण हीं गांवें उठवावीं लागलीं. आणि आतां मुंबई-अहमदाबाद द्रुतगति रेल्वेचा मार्गहि याच भागांतून नेला जात आहे. जेथें जमीन हात बदलते, तेथें मोबदला, वारसा आणि कब्जा हीं सारीं एखाद्या जुन्या खरेदीखतावर, करारावर किंवा पावतीवर येऊन ठेपतात. तो कागद खोटा ठरला, अथवा खरा असूनहि सिद्ध करतां आला नाहीं, तर पिढ्यांची वहिवाट वादांत सांपडते.

परीक्षेची पहिली पायरी कोणत्याहि उपकरणाविना चढतां येते. कागदाला आपल्या तारखेनंतरची गोष्ट ठाऊक असेल, तर ती तारीख खोटी. समजा, पालघरच्या एखाद्या जमिनीच्या करारावर २००९ सालची तारीख आहे आणि पत्त्यांत ‘जिल्हा पालघर’ असें छापलें आहे. पालघर जिल्हा ठाणे जिल्ह्यांतून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं. त्यापूर्वीं तेथें ‘जिल्हा ठाणे’ असेंच लिहिलें जाई. रकमेपुढें रुपयाचें आजचें चिन्ह असेल, तर भारत सरकारनें तें १५ जुलै २०१० रोजीं स्वीकारलें हें ध्यानांत घ्यावें. सहा आंकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. अर्थात् जुन्या नोंदीची नक्कल मागाहून काढलेली असल्यास तींत नवें नांव येणारच. म्हणून पुढें ठेवलेला कागद मूळ म्हणून दिला आहे कीं नक्कल म्हणून, हें आधीं विचारावें.

अक्षराचें वळणहि काळ सांगतें. ‘मंगल’ हा संगणकावरील देवनागरी टंक र. कृ. जोशी यांनीं आंखला आणि विंडोज २००० या प्रणालीबरोबर तो सर्वत्र पसरला. १९८५ च्या पावतीवर तो दिसला, तर पावती त्या सालची नव्हे. पाकिस्तानच्या तत्कालीन पंतप्रधानांच्या कुटुंबाच्या मालमत्तेची २०१७ सालीं चौकशी झाली, तींत २००६ ची तारीख असलेले कागद ‘कॅलिब्री’ या टंकांत छापलेले आढळले. तो टंक सामान्य ग्राहकांच्या हातीं २००७ च्या आरंभीं आला होता, आणि तेवढ्यावरून त्या कागदांच्या तारखेविषयीं गंभीर संशय उत्पन्न झाला.

दुसरी पायरी सूक्ष्मदर्शकाची. खिळ्यांच्या छपाईंत अक्षर कागदांत दाबलें जातें. पाठीमागून बोट फिरविल्यास तो दाब पुष्कळदां हाताला लागतो, आणि अक्षराच्या कडेला शाईची गडद किनार दिसते. इंकजेट यंत्राची पातळ शाई कागदाच्या तंतूंत झिरपते. लेसर आणि झेरॉक्स यंत्रांत मात्र टोनर नांवाची बारीक भुकटी उष्णतेनें वितळवून कागदाच्या पृष्ठावर चिकटविली जाते. ती तंतूंवर बसते, चकाकते, आणि अक्षराभोंवतीं तिचे सुटे कण विखुरलेले आढळतात. कोऱ्या कागदावर सही घेऊन मागाहून मजकूर छापल्याची तक्रार नेहमींची आहे. अशा वेळीं सहीची रेघ आणि छापील अक्षर एकमेकांस छेदत असतील, तर टोनर शाईवर बसला आहे कीं शाई टोनरवरून गेली आहे, हें पुष्कळदां ठरवितां येतें. एकहि छेद नसेल, तर या मार्गानें कांहीं सांगतां येत नाहीं.

झेरॉक्स यंत्राचें मूळ २२ ऑक्टोबर १९३८ या दिवशीं सांपडतें. न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टोरिया भागांत चेस्टर कार्लसन या संशोधकानें गंधकाचा लेप दिलेला जस्ताचा पत्रा रुमालानें घांसून विद्युत्भारित केला, कांचेवर लिहिलेल्या अक्षरांतून त्यावर प्रकाश सोडला आणि भुकटी टाकून तीं अक्षरें उमटविलीं. त्याच तत्त्वावरील यंत्र १९५९ सालीं बाजारांत आलें. अशा यंत्राच्या कांचेवर ओरखडा किंवा चिकटलेला कण असेल, तर प्रत्येक प्रतीवर त्याच जागीं ठिपका उमटतो. आंतील फिरत्या नळकांड्यावर ओरखडा असेल, तर त्याची खूण ठराविक अंतरानें पुनः पुनः येते. या खुणांची जुळणी करून प्रत कोणत्या यंत्रावर निघाली, याचा माग लागतो. मात्र कांच पुसली किंवा नळकांडें बदललें, कीं माग पुसट होतो. म्हणून त्याच सुमारास त्या यंत्रावर निघालेल्या इतर प्रती तुलनेस घ्याव्या लागतात.

दुसऱ्या कागदावरील सही कापून जोडावयाची आणि त्या जोडकामाची झेरॉक्स पुढें करावयाची, ही युक्ति जुनी आहे. तिचें बिंग बहुधा सहीच्या नेमकेपणानेंच फुटतें. कोणीहि मनुष्य दोनदां तंतोतंत एकसारखी सही करीत नाहीं. दोन सह्या एकमेकींवर ठेवतां रेघन् रेघ जुळली, तर त्यांतील एक तरी दुसरीवरून उचललेली असते.

यंत्रावरून सर्वच उलगडतें असेंहि नाहीं. अब्दुल करीम तेलगीचें बनावट मुद्रांकांचें प्रकरण २००० नंतरच्या वर्षांत महाराष्ट्रभर गाजलें. नाशिकच्या सरकारी मुद्रणालयानें मोडींत काढलेलीं यंत्रें त्यानें मिळविल्याचें तेव्हां उघडकीस आलें. अशा वेळीं छपाईचें वळण पुरेसें होत नाहीं. मुद्रांकाचा क्रमांक, विक्रेत्याची नोंदवही आणि कोषागाराची नोंद यांचा ताळा पाहावा लागतो.

१८७२ च्या पुरावा कायद्याच्या ४५ व्या कलमानें तज्ज्ञाच्या मतास न्यायालयांत स्थान दिलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमांत तें ३९ व्या कलमांत आहे. सरकारी दस्तऐवज-परीक्षकाची कचेरी १९०६ पासून सिमल्यास आहे. तरीहि परीक्षकाचें मत म्हणजे निकाल नव्हे. इतर पुराव्याशीं तें पडताळून न्यायाधीश निर्णय देतात. आणि त्या मताचें बळ मूळ कागदावर अवलंबून असतें. लेखणीचा दाब, शाईचा रंग, रेघांचा क्रम, कागदाचा पोत यांतील बहुतेक गोष्टी झेरॉक्समध्यें नाहींशा होतात. कायदाहि मूळ कागदासच प्राथमिक पुरावा मानतो. मूळ कागद हरवला, नष्ट झाला किंवा प्रतिपक्षाच्या ताब्यांत असला, अशा ठराविक प्रसंगींच प्रतीस जागा मिळते.

म्हणून घरांतील जुन्या कागदांची राखण ही हक्काचीच राखण होय. मूळ दस्तावर प्लॅस्टिकचें वेष्टण चढवूं नये. त्याच्या उष्णतेनें आणि चिकटीनें परीक्षेच्या खुणा बिघडतात. पुसट सही पुनः गिरवूं नये. दस्तावर दुसरा कागद ठेवून लिहूं नये. त्या लेखणीचा दाब खालच्या दस्तावर उमटतो. त्या काळच्या सह्या असलेल्या पावत्या आणि पत्रें रद्दींत घालूं नयेत. तुलनेस त्याच उपयोगी पडतात. मध्यस्थास दाखविण्यास प्रत पुरते. मूळ कागद द्यावयाचाच झाला, तर तो कचेरींत किंवा न्यायालयांत, आणि पोंच घेऊनच. खोट्याचा खोटेपणा उघड करणारें शास्त्र खऱ्या माणसाच्याहि बाजूनें उभें राहूं शकतें. त्यासाठीं त्याच्या पेटींत मूळ कागद मात्र शाबूत असावा लागतो.