पुरातली मांजरं



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते ओसरल्यावर मी प्राण्यांच्या एका निवाऱ्यात मदतीला गेले. कुत्र्यांचा गलका चालला होता, मांजरं मात्र चिडीचूप. एक पट्टेरी मांजरी तर वाळूच्या घमेल्यातच अंग चोरून बसलेली. "किती गरीब आहे," म्हणत जो तो तिला कुरवाळून जायचा. मीही.

तिसऱ्या दिवशी तिथल्या मावशींनी ताटली दाखवली. अन्नाला तोंड लागलेलं नव्हतं. ती गरीब नव्हती, भेदरलेली होती. मावशींनी फळांच्या खोक्याला भोक पाडून ते पिंजऱ्यात उपडं घातलं, पिंजऱ्यावर पोतं टाकलं. "आता कुणी हात लावायचा नाही!" सकाळी ताटली लख्ख.

दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेततं. अंगानं भरलेल्या मांजराला तर धोका जास्त. म्हणून कोण किती जेवलं, याची रोज नोंद हवी. त्यासाठी माणूस लागतो. तुम्ही दिवसाचा एक तास देऊ शकलात, तर हेच काम मागून घ्या.

सामान द्यायचं तर खोकी, रद्दी, जुन्या चादरी द्या. काळं फिनेल मात्र कृपा करून देऊ नका. त्यातलं फिनॉल मांजराच्या शरीराला पचत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. पॅरासिटामॉल तर मुळीच नको. एका गोळीनं मांजर दगावू शकतं. दाटीवाटीत पॅनल्युकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची साथ पसरते. त्या विषाणूवर पातळ केलेलं हायपोक्लोराइट चालतं, ते द्या. गारठलेलं पिल्लू हाती आलं तर दूध पाजायची घाई नको. आधी उबेत घ्या, अंग गरम झाल्यावर पाजा. घरात एखादी रिकामी खोली असेल, तर महिनाभर दोन मांजरं सांभाळायला न्या. निवाऱ्यातली गर्दी तेवढीच हलकी होते.

आणि मांजर जिथून उचललं ती आळी, ती तारीख पिंजऱ्यावर लिहा. त्या पट्टेरीच्या पिंजऱ्यावर मावशींनी खडूनं लिहिलं होतं, गिरणीमागचा पत्रा. बाराव्या दिवशी एक आजोबा आले, ते वाचून थबकले आणि पोतं हळूच बाजूला करून त्यांनी हाक मारली. खोक्यातून आधी शेपूट बाहेर आली.